मोरचुदाची नळी, एक मल्टिमीटर अन् जुळे सोलापूरचे काका: जमिनीखालच्या पाइपाच्या सर्व्हेचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही, मोबाइलचा नाही, ज्या सर्व्हिसचा आहे ती सोलापुरात दहा जणांना तरी लागली असेल का माहीत नाही. पण ज्याला लागेल त्याचे पैसे वाचतील म्हणून लिहितोय. माझे एकदा गेलेत.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आमच्याकडं फायर हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची लाइन आहे, चार इंची एमएस (साधा लोखंडी) पाइप, ३१० मीटरच्या आसपास, सगळा जमिनीखाली, रॅपिंग कोटिंग केलेला, म्हणजे वरून काळी टेप गुंडाळलेली. ही लाइन कायम प्रेशरखाली असते अन् प्रेशर जरा उतरलं की जॉकी पंप आपोआप चालू होऊन भरून काढतो. तो दिवसातनं एक-दोनदा चालू व्हावा अशी अपेक्षा. आमचा दर बारा-पंधरा मिनिटाला धडधडायला लागला तेव्हाच कळलं की लाइन कुठंतरी गळतीय. पाणी वर कुठं दिसेना, काळी माती लेकाची सगळं पिऊन टाकते.

पहिली गळती पंप हाऊसच्या भिंतीपासून दोन हातावर सापडली. प्लंबर बोलावला, सहा मीटरचा नवा पाइप घातला, वेल्डिंग केलं, टेप मारली, माती ओढली. दोन वर्षं झाली नाहीत तोवर पुन्हा गळती, अन् ती कुठं तर त्याच नव्या तुकड्यात! बाजूचा चौदा वर्षांचा जुना पाइप ठणठणीत अन् नवा कोरा पाइप चाळण. आता तुम्हीच सांगा, कुणाला शिव्या घालणार? मी प्लंबरला घातल्या. हलका पाइप आणला, बिल आयएसआयचं लावलं, असं तोंडावर म्हणलो अन् त्याचे साडेसात हजार अडवून ठेवले. तो बिचारा "नाही ओ साहेब, पाइप चांगलाच आणलो होतो मी" एवढंच म्हणत राहिला. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग मालक म्हणाले, दरवेळी खणत बसण्यापेक्षा एकदा पूर्ण लाइन तपासून घ्या, म्हणजे न खणता वरनं व्होल्टेज मोजून पाइप कुठं गंजतोय ते शोधायचं. बाहेरगावची एक एजन्सी आली (नाव लिहीत नाही), अठरा हजार घेतले. दोन पोरं आली, भर दुपारी, एप्रिलात. एकानं मल्टिमीटरची एक वायर हायड्रंटला लावली, दुसरी वायर एका लोखंडी सळईला, अन् सळई जमिनीत ठोकली. आकडा आला ४० मिलिव्होल्ट. पुढं गेले, पुन्हा सळई ठोकली, १५ मिलिव्होल्ट. असं वीस-पंचवीस ठिकाणी करून गेले अन् आठ दिवसांनी रंगीत स्पायरल बाइंडिंगचा वीस पानी रिपोर्ट आला, लाइन सुरक्षित आहे. रिपोर्टमध्ये एक टेबल पण होतं, उणे २०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर ९० टक्के गंज नाही, उणे ३५० च्या खाली असेल तर ९० टक्के गंज आहे, वगैरे. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात तिसरी गळती. मालकांनी रिपोर्ट माझ्या टेबलवर ठेवला अन् काहीच बोलले नाहीत, ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

काकांचा पत्ता मला एका पेट्रोल पंपवाल्या मित्राकडून लागला. पूर्ण आयुष्य पाइपलाइनवर गेलेला माणूस, आता रिटायर होऊन जुळे सोलापुरात असतात, ना बोर्ड ना व्हिजिटिंग कार्ड. फोनवर पहिलं वाक्य काय तर "साहेब, सकाळी सहाला गेट उघडणार असाल तर येतो, दहानंतर मी मीटरला हात लावत नाही." मला वाटलं उन्हाचा त्रास होत असेल, वय झालंय. कारण वेगळंच होतं, ते पुढं सांगतो.

सामान बघून मी खरंच खचलो. एका जुन्या पिशवीत एक मल्टिमीटर, वायरचं मोठं रीळ, कानस, पाण्याची कळशी अन् टॉर्चएवढी पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत निळं पाणी. अठरा हजारवाल्यांकडं याच्यापेक्षा भारी बॅग होती. ती निळी नळी म्हणजेच सगळा खेळ आहे हे मला नंतर कळलं. आत तांब्याचा दांडा, भोवती मोरचुदाचं पाणी, खाली सच्छिद्र बूच ज्यातनं ओल मातीला लागते. मोरचूद म्हणजे तेच ओ, आपले द्राक्षवाले चुन्यात मिसळून बोर्डो करतात ते. मी लगेच म्हणलं कृषी केंद्रातनं किलोभर आणून देऊ का, तर काका हसले, म्हणाले फवारणीचा माल चालत नाही, शुद्ध लागतो, लॅबचा, अन् पाणी पण डिस्टिल्ड. त्यात मीठ, क्लोराइड शिरलं की आकडा सरकतो. अन् नळीच्या तळाला न विरघळलेले खडे दिसलेच पाहिजेत, खडे दिसतात म्हणजे पाणी पूर्ण भरलेलं आहे, आता जास्त मोरचूद पिऊ शकत नाही, म्हणून त्याचं व्होल्टेज एका जागी थांबतं.

हे थांबणं का लागतं? मी विचारलं की लोखंडी सळईनं काय बिघडलं. काका म्हणाले, "सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या बोर्डावर उंची लिहिलेली असते की, ती कशापासून? समुद्रापासून. समुद्र एका जागी धरला म्हणून त्या आकड्याला अर्थ. तुमच्या त्या पोरांनी गड्ड्याच्या यात्रेत एका पाळण्यात बसून दुसऱ्या पाळण्याची उंची मोजली." लोखंडाची सळई सुद्धा मातीत गेली की स्वतःच गंजायला लागते, तिचं स्वतःचं व्होल्टेज जागेगणिक, ओलीगणिक बदलतं, मग पाइप अन् सळई यांच्यातला फरक ४० आला काय अन् १५ आला काय, कशाचा अन् कशाशी फरक हेच माहीत नाही. मोरचुदाची नळी ही समुद्रसपाटी. तिच्याशी तुलना केली की आकडा नागपूरला घेतला काय अन् सोलापूरला घेतला काय, एकच भाषा बोलतो.

अन् ते २००-३५० वालं टेबल? ते काँक्रीटच्या आतल्या सळईसाठी आहे म्हणाले, पुलांचे स्लॅब, खांब यांच्यासाठी, मातीतल्या पाइपाला लावायचंच नाही. मातीतलं लोखंड गंजत नसताना सुद्धा आरामात उणे ४००-५०० दाखवू शकतं. म्हणजे मी अठरा हजार देऊन चुकीच्या काट्यानं मोजलेला माल चुकीच्या दरपत्रकावर विकत घेतला होता.

आता सर्व्हे कसा केला ते सांगतो, कारण तुम्ही कुणाला बोलवाल तेव्हा त्याच्या हाताकडं बघता आलं पाहिजे.

आधी नळ्यांची परीक्षा. काकांकडं दोन नळ्या होत्या, एक रोजची, एक घरातनं फक्त तपासायला बाहेर निघणारी. दोन्ही एका बादलीतल्या पाण्यात ठेवून मीटर लावला, फरक २ मिलिव्होल्ट. ५ च्या वर गेला असता तर रोजची नळी धुऊन पुन्हा भरली असती म्हणाले. मग हायड्रंटच्या पाइपाचा लाल रंग कानशीनं खरवडून चकचकीत लोखंड काढलं अन् तिथं क्लिप लावली. त्यानंतर जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. नळी एकाच जागी मातीत उभी ठेवली, अन् क्लिप एकामागून एक सगळ्या हायड्रंटवर फिरवली. आकडा सगळीकडं सारखाच यायला हवा, कारण नळी हललेली नाही. पाच नंबरच्या हायड्रंटला आकडा वेगळा आला. म्हणजे मधे कुठंतरी फ्लँजमध्ये, म्हणजे बोल्टनं आवळलेल्या जोडात, गॅस्केट अन् रंगामुळं पाइप विजेच्या दृष्टीनं तुटलेला आहे, पाणी जातं पण करंट जात नाही. तिथं एक जंपर वायर मारून मगच पुढं. हे न करता सर्व्हे केला असता तर पाच नंबरच्या पलीकडचे सगळे आकडे खोटे आले असते अन् कुणाला पत्ता लागला नसता.

मग लाइनच्या वरनं दर दोन मीटरला कळशीतनं थोडं पाणी ओतायचं, माती भिजली की नळी टेकवायची, आकडा लिहायचा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा, कोरड्या ढेकळावर नळी ठेवली तर करंटला वाटच नसते अन् साध्या मीटरवर आकडा आपोआप कमी दिसतो. म्हणून पाणी, अन् म्हणूनच मीटर सुद्धा निदान १० मेगाओहम इनपुटचा, म्हणजे स्वतः करंट जवळजवळ न ओढणारा पाहिजे, काट्याचा जुना मीटर नको. पाइप प्लसला, नळी कॉमनला, म्हणजे आकडा मायनसमध्ये येतो. आमचा इलेक्ट्रिशियन उलटं लावत होता, त्यावर काकांनी अर्धा तास ऐकवलं.

सकाळी सहाचं कारण, नळीत ऊन शिरलं की तांब्याचं व्होल्टेज बदलतं. तापमानानं दर डिग्रीला एक मिलिव्होल्टच्या थोडं खालीच, पण थेट प्रकाशानं त्याहून जास्त, दहा-वीस-तीस मिलिव्होल्ट सुद्धा इकडंतिकडं होऊ शकतं. काकांनी नळीला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेलीच होती, फक्त खडे बघायला एक खिडकी ठेवलेली, तरी ४३ डिग्रीत नाही म्हणजे नाही. ती दोन पोरं भर दुपारी आली होती हे आठवून मला हसू पण येईना.

दोन सकाळी, १५० च्या वर आकडे. अन् इथं मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी यूट्यूबवर बघून ठेवलं होतं की उणे ८५० मिलिव्होल्ट आला की पाइप सुरक्षित. त्यामुळं जिथं उणे ६४० आला तिथं मी खूश, म्हणलं इथं ८५० च्या जवळ आहे, अन् जिथं उणे ३८० आला तिथं माझा चेहरा उतरलेला. काका म्हणाले "उलटं वाचताय."

उणे ८५० चा नियम हा कॅथोडिक प्रोटेक्शन लावलेल्या पाइपाचा आहे, म्हणजे बाहेरून मुद्दाम करंट देऊन ज्याला वाचवलंय त्याचा. तिथं आकडा जितका जास्त उणे तितकं संरक्षण पोचलं. आमच्या लाइनला काहीच लावलेलं नव्हतं. असं प्रोटेक्शन नसलेल्या अनाथ पाइपावर जिथं आकडा शेजारपाजारपेक्षा जास्त उणे, तिथंच लोखंड मातीत उतरतंय, तोच कमजोर कोपरा, अन् कमी उणेवाला त्याच्या जिवावर जगतोय. तोच आकडा, तीच नळी, पण लाइनला प्रोटेक्शन आहे की नाही यावर अर्थ पार पालटतो. हे माहीत नसेल तर शंभर टक्के बरोबर मोजून सुद्धा शंभर टक्के चुकीच्या जागी खणाल.

अन् उणे ६४० कुठं आला होता? प्लंबरच्या नव्या तुकड्यावर. पंप हाऊसच्या भिंतीलगत.

नवं चकचकीत लोखंड मातीत उणे ६०० च्या आसपास बसतं, जुनं गंज धरलेलं त्याच्यापेक्षा बरंच कमी उणे. दोघांना वेल्डिंगनं जोडलं अन् एकाच ओल्या मातीत ठेवलं की झाला सेल तयार, बॅटरीसारखा, नवा पाइप झिजतो अन् जुन्याला वाचवतो. पाइप जितका नवा तितका लवकर जातो. वर अजून दोन गोष्टी तिथंच जमल्या होत्या. पाइप भिंतीच्या काँक्रीटमधून आत जातो, आतल्या सळईला टेकतो, अन् काँक्रीटमधलं लोखंड उणे २०० च्या आसपास निवांत असतं. अन् पंपाची बॉडी कारखान्याच्या कॉपर प्लेट अर्थिंगला जोडलेली, तांबं पण तिथंच, उणे २०० च्या आसपास. म्हणजे एका बाजूला अख्खं काँक्रीट, तांब्याची प्लेट अन् ३०० मीटर जुना पाइप, अन् या सगळ्यांना पोसायला सहा मीटरचा एक नवा तुकडा. एवढ्या मोठ्या खटल्यात नवी सून आणल्यासारखं.

मी विचारलं, पण एवढं मोठं भोक दोन वर्षांत? काकांनी कागदावर हिशेब मांडला. एक अँपिअर करंट वर्षभर लोखंडातनं मातीत जात राहिला तर ९ किलोच्या वर लोखंड घेऊन जातो. आपला करंट मिली अँपिअरमध्ये, म्हणजे १ मिली अँपिअरला वर्षाला ९ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण आपला पाइप ४.५ एमएम जाडीचा, त्यात रुपयाच्या नाण्याच्या निम्म्या रुंदीचं, एक सेंटिमीटरचं आरपार भोक पाडायला लोखंड किती लागतं? जेमतेम ३ ग्रॅम. टेप चांगली असेल अन् एकाच ठिकाणी दगड लागून फाटली असेल तर सगळा करंट त्याच फटीतनं बाहेर पडणार. टेप जितकी चांगली तितकं भोक वेगानं, हे ऐकून मी चहा खाली ठेवला.

दुसरी वाईट जागा डाईंगच्या मागच्या नालीलगत. तिथं काकांनी चार खुंट्या ठोकून मातीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे माती करंटला किती अडवते, ती पण मोजली. मुरमाच्या भागात ६० ओहम-मीटर अन् नालीजवळ ८. दहाच्या खाली म्हणजे फार खराब माती. कारण सरळ आहे, कॉटनला रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवताना मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट भरपूर लागतं, नालीला तडा, अन् वर्षानुवर्षं खारं पाणी काळ्या मातीत मुरतंय. खणलं तेव्हा सडक्या अंड्याचा वास आला अन् पाइपावर काळी चिकट साय. काका म्हणाले हवा नसलेल्या चिकणमातीत सल्फेट खाणारे जिवाणू आहेत, इथं प्रोटेक्शन लावलं तरी उणे ८५० पुरणार नाही, उणे ९५० धरा. टेपच्या फाटलेल्या जागी ३ एमएम खोल खड्डा होता. म्हणजे चौथी गळती रांगेत उभी होती.

आता तक्रारीचं पण लिहितो नाहीतर म्हणाल काकांचा नातेवाईक आहे. तिसरी जागा पण त्यांनी खणायला सांगितली होती, गेटजवळ, उणे ५८०. तिथं रस्ता फोडून खणलं अन् पाइप एकदम कोरा, टेप सुद्धा छान. काका म्हणाले, "हे होतं. आकडा सांगतो गंजायची ओढ कुठं आहे, किती वेगानं गंजतोय ते सांगत नाही." एक आकडा म्हणजे नळीखालच्या दोन-तीन मीटर पाइपाची सरासरी, बारीक भोक त्यात लपतं. अन् टेप फुगून आत पाणी शिरलं असेल तर टेपच्या आतलं वरच्या नळीला दिसतच नाही. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं हे खरं, पण रस्ता फोडल्याचे चार हजार गेले ते गेलेच. रिपोर्ट म्हणजे वहीची दोन पानं, हातानं लिहिलेली, नकाशा मलाच काढावा लागला. बिल मागितलं तर तीन आठवडे, अकाउंटवाली मॅडम माझ्यावर भडकली. फोन दुपारी उचलत नाहीत. अन् बोलायला लागले की थांबत नाहीत, पण त्यात मजा पण येते. १८२४ मधली गोष्ट सांगितली, हम्फ्री डेव्ही नावाच्या शास्त्रज्ञानं इंग्रजांच्या लढाऊ जहाजांच्या तळाचं तांबं वाचवायला लोखंडाचे अन् जस्ताचे तुकडे जोडले, तांबं झिजायचं थांबलं सुद्धा, पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषानं जे शिंपले-शेवाळ मरायचं ते आता चिकटायला लागलं अन् जहाजं हळू झाली. गंज थांबवला तर वेग गेला. पाइपाचा उणे ८५० चा नियम अमेरिकेतल्या कुन नावाच्या इंजिनिअरचा, १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गॅसलाइनवर प्रयोग केलेला. मी मधेच विचारलं की आपल्या रेल्वेमुळं तर पाइप खात नसेल ना, तर नळी एका जागी ठेवून तासभर मीटर बघत बसले, आकडा हलला नाही. आपल्याकडं गाडी २५ हजार व्होल्ट एसीवर आहे, पाइप खायला खरी वाईट डीसी, मुंबईत लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या तेव्हा ते दुखणं असायचं. डीसीचा भटका करंट असता तर गाडी गेली की आकडा नाचला असता.

उपाय त्यांनी सुचवला अन् आम्ही केला. पंप हाऊसमध्ये एक इन्सुलेटिंग फ्लँज टाकली, म्हणजे पंप अर्थिंगला जोडलेलाच राहिला पण बाहेरचा पाइप तांब्यापासून सुटला. (अर्थिंगच काढून टाका असं कुणी सांगितलं तर त्याला गेटच्या बाहेर काढा, माणूस मरेल.) भिंतीतला पाइप काँक्रीटपासून मोकळा करून स्लीव्हमधून घेतला. अन् मॅग्नेशियमचे चार अ‍ॅनोड, म्हणजे पाइपाच्या बदली झिजणारे ठोकळे, लाइनलगत पुरले, जिप्सम-बेंटोनाइटच्या पिशवीसकट, दोन-दोनच्या जोडीत, वायरी वर आणून दोन टेस्ट बॉक्समध्ये लिंकनं पाइपाला जोडल्या. मॅग्नेशियम उणे १५०० च्या पलीकडं असतं, म्हणजे आता सगळ्यात नवी सून तीच, झिजायचं काम तिचं. नाली पण दुरुस्त केली, तिला सगळ्यात जास्त खर्च आला अन् माझ्या मते तेच सगळ्यात गरजेचं होतं.

दीड महिन्यानंतर पुन्हा आकडे घेतले. चालू, म्हणजे अ‍ॅनोड जोडलेले असताना उणे ९८०, १०२०, छान. पण काका चालू आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत, करंट मातीतनं वाहत असताना मातीतला व्होल्टेजचा उतार पण आकड्यात मिसळतो अन् तब्येत आहे त्यापेक्षा चांगली दिसते. खरा आकडा लिंक काढल्या काढल्या, पहिल्या सेकंदाचा. दोन बॉक्स दोन टोकाला, दोन्ही लिंक एकदम निघाल्या पाहिजेत. मग एका बॉक्सवर मी, दुसऱ्यावर वॉचमन, मीटरवर काका, फोन स्पीकरवर अन् "एक, दोन, तीन, काढ!" वॉचमननं पहिल्या वेळी दोनलाच काढली. पाच वेळा केलं तेव्हा जमलं. बहुतेक ठिकाणी उणे ८७० ते ९००. नालीजवळ उणे ९१० मिळाला, ९५० नाही, तिथं अजून एक अ‍ॅनोड घालायचाय, दिवाळीनंतर बघू.

काकांचे सर्व्हेचे नऊ हजार गेले, अठराच्या निम्मे. स्टार द्यायचे तर पाचातले चार, एक स्टार वहीच्या पानांसाठी अन् त्या गेटजवळच्या खड्ड्यासाठी कापला. बाहेरगावच्या एजन्सीला स्पायरल बाइंडिंगचा अर्धा.

कुणाला लागेल ही सर्व्हिस? घरच्या वीस फुटी नळाच्या पाइपाला अजिबात नको, तो काढून प्लॅस्टिकचा टाका अन् मोकळे व्हा. रबर रिंगवाल्या डीआय (बिडाच्या) पाइपाला पण असा सर्व्हे सरळ चालत नाही, प्रत्येक तुकडा विजेच्या दृष्टीनं वेगळा असतो. पण वेल्डिंगची लोखंडी फायर लाइन असलेल्या सोसायट्या, पेट्रोल पंपाच्या टाक्या, साखर कारखाने, सूतगिरण्या, यांनी जुन्या लाइनमध्ये नवा तुकडा घालायच्या आधी एकदा तरी करून घ्यावा.

मी स्वतः पण एक नळी ऑनलाइन मागवली, तिचं दोन ओळीत सांगतो. चालते, काकांच्या नळीशी ताडून बघितली तर फरक ४ मिलिव्होल्ट. पण खालच्या बुचाचं रबरी टोपण ढिलं आहे, बॅगेत पाझरली अन् डबा, वही, नॅपकिन सगळं निळं झालं. मोरचूद पोटात जाणं वाईट, त्यामुळं ती भाकरी अन् शेंगाची चटणी दोन्ही टाकून द्यावी लागली, चटणीचं जास्त वाईट वाटलं. घ्याल तर उभी ठेवायला स्टँड घ्या, हातमोजे घाला, अन् जेवणाच्या डब्यासोबत नेऊ नका.

जॉकी पंप आता दिवसातनं दोनदा चालू होतो. प्लंबरचे साडेसात हजार मागच्या सोमवारी स्वतः जाऊन दिले, पाइपाची अन् सेलची सगळी गोष्ट सांगितली, नवा होता म्हणून गेला म्हणलं, माझीच चूक झाली. तो नोटा मोजता मोजता म्हणाला, "मग पुढच्या वेळी जुना पाइप घालू का साहेब? भंगारात स्वस्तात मिळतोय."

काकांना विचारून सांगतो म्हणलं.